बालविकासाचा पेपर

केशोरीच्या अंगणवाडीतली मदतनीस फुलवंता चाळिशी उलटल्यावर बारावीच्या परीक्षेला बसली होती. सेविका शांतीबाई आता निवृत्त होणार होत्या आणि बारावी झाली तरच त्यांची जागा फुलवंताला मिळणार होती.

अर्धा पेपर झाला असेल नसेल, तोच बाहेर व्हरांड्यात कुणा परीक्षार्थी पोरीचं तान्हं लेकरू आजीच्या मांडीवर रडू लागलं. फुलवंता सवयीने ताडकन उठली.

"ओ बाई, एकदा बाहेर गेल्या त मंग आत येता येणार नाही हं," पर्यवेक्षक मॅडम म्हणाल्या.

फुलवंता खाली बसली. लेकरू टाहो फोडत राहिलं. तिचा जीव तीळतीळ तुटत होता, पण हात लिहीत राहिला.

पेपर सुटला तेव्हा शांतीबाई तिला न्यायला फाटकाशी आल्या होत्या.

"काऊन वो, तोंड असं उतरलं? कठीण होता का पेपर?"

"नाही बाई, सोपा होता. लेकरू रडून राहिलं त पयले काय करावं, असा सवाल होता."

"हे त तुले झोपेतही येते! मंग काय लिवलं?"

फुलवंताने मान खाली घातली.

"हातचं काम सोडून पयले त्याले उचलून घ्यावं, असं लिवलं."