बाबांचं शूटिंग

"फाइल उघडता येत नाही," असं कॉम्प्युटरने पुन्हा सांगितलं, तेव्हा नीतूने खुर्ची आणखी पुढे ओढली.

"दुसऱ्या प्लेअरमध्ये लाव ना."

"तेच करून राहिलो, ताई. थोडा दम धर," तिचा धाकटा भाऊ प्रफुल्ल म्हणाला.

नीतूला दम कुठला? सोळा वर्षं धरला तेवढा पुरे होता. तिच्या लग्नात बाबांनी व्हिडिओवाल्याला नको म्हटलं, नवा कॅमेरा घेतला आणि सगळं शूटिंग स्वतः केलं. त्या फाइली कसल्याशा वेगळ्याच निघाल्या. घरच्या कॉम्प्युटरने तेव्हाही त्यांच्याकडे पाहून तोंड फिरवलं आणि कॅमेरा कपाटात गेला.

नीतूच्या मनातलं मात्र कपाटात गेलं नाही. बिदाईच्या वेळी ती सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली होती. बाबा तेवढे आले नाहीत. "ते शूटिंग करून राहिले," एवढा निरोप कृष्णाकाकांनी गाडीपाशी आणला. त्यानंतर मरोद्याला माहेरी ती येई, बाबांच्या पाया पडे, पण लग्नाचा विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जाई. या खेपेला तीच म्हणाली, "ज्याच्यापायी मले भेटले नाही, ते कसं झालं पाहू तं दे."

"एक माणूस सोडला नाही मी," दिवाणावर बसलेले बाबा ऐटीत म्हणाले. त्यांची सगळी नोकरी दल्लीच्या खाणीतून भिलाईच्या कारखान्यात लोखंडाच्या दगडाच्या मालगाड्या आणण्यात गेली होती. एवढी मोठी गाडी चालवणाऱ्याला हातभर कॅमेऱ्याचं काय कौतुक!

प्रफुल्लने फाइलच्या नावाची शेपटी बदलून पाहिली. आवाज आला, चित्र नाही. मग त्याने फाइली बदलणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. निळी पट्टी हळूहळू सरकू लागली. दूध उतू जायच्या आधी पातेल्याकडे पाहावं, तशी तिघं तिच्याकडे पाहत बसली.

पहिलं चित्र आलं. सतरंजी. सतरंजीवर चपला. कोणीतरी म्हणत होतं, "वांग्यात तेल जास्त झालं." लांब बँड सुरू झाला आणि फाइल संपली.

दुसऱ्या फाइलीत खुर्चीचा पाय होता आणि शेजारी बाबांचा काळा बूट. तिसरीत हिरामावशीचा आवाज आला, "भाऊजी, हार घालून राहिले, या लवकर!" "आलो, आलो," बाबा म्हणाले आणि चित्र बंद. हार नाहीतच.

"हे कोणं काढलं?" बाबांनी विचारलं.

"तुमीच."

प्रफुल्लला राहवेना. त्याने कॅमेरा हातात घेतला, चालू केला, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. छोट्या पडद्यावरची खूण कधी लाल होत होती, कधी हिरवी.

"बाबा, लाल बत्ती आली की तुमी काय समजत होते?"

"काय म्हणजे? लाल म्हणजे बंद, हिरवी म्हणजे चालू. जिंदगीभर सिग्नल पाहून गाडी चालवली, मले शिकवतं का?"

प्रफुल्लने टेबलावर डोकं ठेवलं आणि तो खदखदून हसू लागला. "अरे बाबा, यहाँ उल्टा है! कॅमेऱ्यात लाल म्हणजे चालू. तुमी जे जे काढलं, ते काहीच नाही आलं. तुमी बंद करून कॅमेरा खाली लटकवला की तेवढंच आलं."

बाबाही ओशाळून हसले. नीतू सगळ्यात जास्त हसली. मग हसता हसता थांबली.

"म्हणजे बिदाई नसंलच," ती म्हणाली. "तवा तं हे शूटिंगच करून राहिले होते."

तिला रडू आलं आणि रडू आलं म्हणून रागही आला. बाबा भेटले नाहीत ते नाहीतच, वर हाती काही उरलंही नाही. ती उठली.

"थांब ताई, एक फाइल बाकी आहे. सगळ्यात मोठी," प्रफुल्ल म्हणाला.

बाबांचं हसू एकदम मावळलं. कसला तरी हिशोब त्यांच्या डोक्यात लागला असावा. ते दिवाणावरून उठलेच.

"ते राहू दे. त्याच्यात काही नाही."

"कावून? न पाहताच?"

"नाही म्हटलं ना! काढ ते वायर."

नीतूने वायरवर हात ठेवला. बाबांना इतकं घाबरलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. ती पुन्हा खुर्चीत बसली आणि पट्टीकडे पाहू लागली. बाबा दाराकडे तोंड करून उभे राहिले, पण बाहेर काही गेले नाहीत.

पट्टी भरली. चित्र आलं. मंडपाची मागची कनात, पाण्याचा ड्रम, ड्रमाखालची ओली माती. मातीत तोच काळा बूट. लांबून बँडवर बिदाईची धून येत होती. आणि अगदी जवळ, कॅमेऱ्याला लागूनच, कोणीतरी हमसून हमसून रडत होतं. रडणं पुरुषाचं होतं.

मग कृष्णाकाकांचा आवाज आला. "भाऊ, इथं काय करून राहिले? पोरगी गाडीत बसली. चला ना."

"मी नाही येत, कृष्णा. तिच्यासमोर गेलो तं मी तिले जाऊच देणार नाही."

"अजी, पण ते विचारून राहिली, बाबा कुठं आहे म्हणून. काय सांगू तिले?"

बूट जागच्या जागी हलला. कोणीतरी नाक ओढलं.

"सांग, बाबा शूटिंग करून राहिले."