शून्य कुणाचं?

बसवकल्याणच्या नेटकॅफेत अर्धं मंठाळ गाव धनलक्ष्मीच्या खुर्चीमागं दाटलं होतं. तिचा भाऊ मल्लेश पहिल्यांदाच राज्याच्या क्रिकेटसंघातून खेळत होता. सामना टीव्हीवर नव्हता. तिनं पायथन या संगणकभाषेत लिहिलेला प्रोग्राम क्रिकेटच्या साइटकडून धावा मागवून पडद्यावर दाखवत होता. एखाद्याच्या धावांची नोंद आली नाही की तो बंद पडायचा, म्हणून सकाळीच तिनं त्याला बजावलं होतं: नोंद नसेल तर शून्य धर. आता उमटलं: ‘मल्लेश ०’. “शून्यावर गेलं की गं लेकरू!” आई पद्माबाई मटकन खाली बसली. साइटनं पाठवलेलं जेसन, म्हणजे मूळ नोंदींची फाईल, उघडताच धनलक्ष्मी ओरडली, “माय, ऊठ! शून्य माझं हाय, त्याचं न्हाई! नोंदच न्हाई म्हंजे अजून उतरलाच न्हाई!” तिनं शून्याजागी ‘खेळायचाय’ लिहिलं. थोड्या वेळानं ‘मल्लेश ४’ झळकलं. पद्माबाईनं डोळे पुसत विचारलं, “हे चार तुझे का त्याचे गं?”