सगळ्यांसाठी एकच शब्द

"शुक्रवारपासून," नवे साहेब म्हणाले, "या कचेरीत सगळे सगळ्यांना 'तू' म्हणतील. ओलोफसन साहेब वगैरे नको. मी लेन्नार्त."

आणि त्यांनी भिंतीवरची जुन्या नियमांची चौकट खिळ्यावरून उतरवली. खिडकीत उभं राहून खाऊ नये. एका घरातल्या नवरा-बायकोला इथे नोकरी मिळणार नाही. आपसांत हुद्द्यानं किंवा आडनावानंच हाक मारावी.

"काय काय नियम होते हो!" नवी मुलगी गुनिला खो-खो हसली.

दाग्नी एकेब्लाद हसली नाही. योतेबोरी शहरातल्या त्या नकाशा कचेरीत ती अठ्ठावीस वर्षं नकाशे रंगवत होती. नद्या निळ्या, शेतं पिवळी. १९६८ सालच्या त्या शरदात सगळ्या देशात हीच हवा होती. पेढीत, दवाखान्यात, जो तो 'तू' म्हणत होता.

शुक्रवारच्या आधीच सराव सुरू झाला. गुनिलाला 'तू' म्हणणं तिला जमलं. शिपायालाही. लेन्नार्तलासुद्धा दुसऱ्या दिवशी म्हणून झालं. अडलं ते मुख्य नकाशाकार सिक्स्टेन सुंदेलिन यांच्यापाशी.

अठ्ठावीस वर्षं दोघांची टेबलं समोरासमोर. "बाई जरा पट्टी देतील का?" ते विचारत. "साहेबांनी घ्यावी," ती म्हणे. कॉफीच्या वेळी न विचारता साखरेचे दोन खडे त्यांच्या बशीत ठेवी आणि लगेच मान खाली घालून रंगाकडे वळे.

"अगं म्हण की त्यांना!" गुनिला चिडवी. "जीभ झडणार नाही तुझी."

"त्यांना? सगळ्यांदेखत?" दाग्नीच्या हातातला कुंचला थांबला. "नाही जमायचं मला."

लेन्नार्त हसत म्हणाला, "मग खाली तळघरात दप्तरखान्यात जागा आहे. तिथे बोलायला माणूसच नाही."

तो गमतीनं म्हणाला, पण दाग्नीनं ते खरंच धरलं. तिचं टेबल, ती उत्तरेची खिडकी, समोरचं ते खाली वाकलेलं पांढरं डोकं. हे सोडून तळघरात? आणि म्हणायला जावं, तर नुसत्या आवाजावरून इतक्या वर्षांचं जपलेलं सगळं एका क्षणात जायचं.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला बदामाच्या हिरव्या लेपाचा केक आला. सगळे कप घेऊन गोल उभे राहिले. हुद्दे सोडायचे तर सुरुवात बाईनं करायची, ही तिथली जुनी रीत. सगळ्यांचे डोळे दाग्नीवर.

तिनं कप ठेवून केकची बशी उचलली.

"सिक्स्टेन," ती म्हणाली. "तू... तू केक घेशील का?"

सुंदेलिन कानापर्यंत लाल झाले. "घेईन. आभारी आहे. तू... तूही घे, दाग्नी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. गुनिलानं डोळे पुसले. "किती गोड! बिचारे पहिल्यांदाच म्हणाले गं एकमेकांना!"

"बघ, इतकं सोपं होतं," लेन्नार्त म्हणाला. तळघराचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

पाच वाजता दाग्नी नेहमीच्या ट्रामनं निघाली. सुंदेलिन नेहमीप्रमाणे कपाटं बंद करायला मागे राहिले; ते नंतरच्या ट्रामनं जात. वाटेत तिनं शेपू आणि खारवलेले हेरिंग मासे घेतले. तीन जिने चढून घर गाठलं, बटाटे उकडत ठेवले आणि ओठांतल्या ओठांत गुणगुणू लागली. आज मन अगदी हलकं होतं.

बटाटे शिजत आले, तेवढ्यात दाराच्या कुलपात किल्ली फिरली. सुंदेलिन आत आले, टोपी खुंटीला अडकवली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून पोट धरधरून हसू लागले.

"अगं, आपल्या लग्नात पाद्र्यासमोरसुद्धा तू इतकी अडखळली नव्हतीस!"