दिवाळीतली चार रात्रींची बोट

“गॅलरीवाली खोली घेतली तर पन्नास हजार वाढतात,” पूनम हळूच म्हणाली.

“बिनखिडकीची घे. झोपायला खिडकी कशाला लागते?” जोतिराम म्हणाला.

दिवाळीच्या सुट्टीतले क्रूझचे दर बघून त्याचं तोंड आधीच कडू झालं होतं. मुंबईहून सुटणारी, चार रात्रींची बोट. एरवी परवडणारी खोली लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात दुपटीवर गेलेली. वर बंदराचा कर, बोटीवरच्या पोरांची बक्षिसी, सोलापूर ते मुंबई रेल्वे. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीतून आजवर कुणी बोटीवर गेलं नव्हतं. पूनमला गल्लीला दाखवायचं होतं. जोतिरामला वेगळंच काही साधायचं होतं.

बोटीवर तिघंच जाणार होते, ही दोघं आणि दहा वर्षांची आरोही. जोतिरामचे वडील तात्याबा तेवढे दिवस अक्कलकोट रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात राहणार होते. आम्ही परत येईपर्यंतच, असं त्यांना सांगितलं होतं. आश्रमाच्या मॅनेजरशी मात्र जोतिरामनं कायमचं ठरवलं होतं. दिवाळी झाली की म्हाताऱ्यानं स्वतः बांधलेल्या घरातली त्याचीच खोली रंगवून भाड्यानं द्यायची, हेसुद्धा ठरलं होतं. आपल्या बापाला असं सुट्टीच्या गडबडीत गुंडाळून ठेवताना या माणसाला एक दिवस झोप लागली नसेल, असं कुणाला वाटेल. तो छान घोरत होता.

आश्रमाची अनामत धरली की हिशेब पार कोलमडत होता. पूनमनं तिसऱ्यांदा बेरीज केली.

“किती कमी पडत्यात?” ओसरीवरून तात्याबांनी विचारलं.

दोघंही दचकले. म्हाताऱ्यानं किती ऐकलं, कोण जाणे.

“तुम्ही नका काळजी करू, आबा,” जोतिराम म्हणाला.

तात्याबा उठले, आत गेले आणि धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन आले. पाचशेच्या नोटा होत्या.

“दोन लाख हायती. गॅलरीचीच घ्या. पोरीला दर्या दिसू दे की.”

पूनम गाठोड्याकडे बघतच राहिली. जोतिरामनं गाठोडं पुढ्यात ओढलं. “एवढे कुठून आले, आबा?”

“इसार आलाय.”

तात्याबांची शेरडं-मेंढरं सांगोल्याला कल्लप्पाकडे अर्धलीनं, म्हणजे निम्म्या वाट्यावर सांभाळायला दिलेली होती. बाजारात सौदा ठरला की घेणारा इसाराची रक्कम हातावर ठेवतो, आणि ती घेतली की विकणाऱ्यानं शब्द फिरवायचा नसतो. तात्याबांनी उभ्या जन्मात तो कधी फिरवला नव्हता. म्हाताऱ्यानं सगळा कळप विकायला काढला वाटतं, असं जोतिरामच्या मनात आलं. त्याला बरंच वाटलं. आता सांगोल्याला पळून जायलासुद्धा त्यांच्याकडे निमित्त उरलं नव्हतं.

त्या दिवसापासून तात्याबा बोटीच्या तयारीत असे काही शिरले की पूनमला कसनुसं व्हायला लागलं.

“घर किती दिस बंद ऱ्हाणार?” त्यांनी एकदा विचारलं.

“पुढच्या रविवारपर्यंत.”

“मंग दागिनं, कागदं समदं संगं न्ह्या. रिकामं घर लई वंगाळ.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन तीन मोठाल्या बॅगा आणल्या. चार रात्रींना एवढ्या कशाला, म्हणून पूनम हसली. तात्याबा हसले नाहीत. “कपडं समदं मावलं पायजे,” एवढंच म्हणाले. त्यांनी पोरीचे स्वेटरही भरायला लावले.

“आज्जा का नाही येत?” आरोहीनं जेवताना विचारलं.

“त्यांना पाणी सोसत नाही,” पूनम म्हणाली. तात्याबांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

रात्री पूनम जोतिरामला म्हणाली, “आबांना कळलंय का हो?”

“कळलं असतं तर दोन लाख दिले असते?”

तिला ते पटलं. पण भीती गेली नाही.

निघायच्या दिवशी दुपारी त्यांनी आधी तात्याबांना आश्रमात सोडलं. रिक्षा दारात उभीच ठेवली होती. मॅनेजर पावती घेऊन पुढे आला आणि मोठ्यानं म्हणाला, “कायमचे म्हणजे उन्हाळ्याचे कपडे पण...” जोतिरामनं डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. तात्याबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, बाकी सामान काही नाही.

जोतिराम वाकून पाया पडला. तेवढी रीत त्यानं पाळली.

“गाडी चुकवू नका,” तात्याबा म्हणाले.

रिक्षातून आरोही वळून वळून हात हलवत राहिली. तात्याबांचे डोळे भरून आले. या एका पोरीसाठी त्यांनी आठवडाभर मनाशी भांडण केलं होतं. पोराचं मॅनेजरशी झालेलं बोलणं त्यांनी ओसरीवरून कधीच ऐकलं होतं. रोज वाटायचं, आज तरी पोरगा खरं बोलेल. तो बोलला असता, तर जन्मात पहिल्यांदा शब्द मागे घ्यायचीसुद्धा त्यांची तयारी होती. रिक्षा वळणाआड गेली.

ते बराच वेळ व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. मॅनेजरनं चहा आणून ठेवला, तो निवला. गाडी सुटायची वेळ टळून गेल्यावर त्यांनी मॅनेजरला फोन मागितला आणि सुताचे व्यापारी शिवलिंगप्पा यांचा नंबर लावून घेतला.

“शिवलिंगप्पा, मी तात्याबा. पोरं गेली मुंबईला. उरल्यालं पैसं घिऊन मला न्यायला या, मी हितं थांबत न्हाय, सांगोल्याला निगालोय. आणि तुमी इसार दिल्यालं घर मोकळं झालंय, आजच ताबा घ्या.”