दंडातला मणी

निरंजनच्या दंडात, कातडीखाली बसवलेला मणी दर तासाला रक्तातलं औषध मोजत होता. सहा महिन्यांची नोंद डॉ. तांबोळींनी त्याच्या आईला, वत्सलाबाईंना दाखवली.

“पातळी एकदाही घसरली नाही, मावशी. हवं तेवढं औषध रक्तात आहे.”

“मशीन चुकतंय. हा लबाड गोळ्या जिभेखाली लपवतो.”

“नाही गं आई, सगळ्या गिळल्या,” निरंजन म्हणाला. “कानातले आवाज तसेच आहेत.”

“स्किझोफ्रेनियावर याच्यापुढे औषध नाही,” डॉक्टर हळूच म्हणाले.

चौदा वर्षं वत्सलाबाई त्या लबाडीच्याच आशेवर होत्या. ती खोड सुटली, की पोरगा बरा होणार होता.

त्यांनी त्याचा हात धरला.

“एखादी तरी थुंकली असशील ना रे? सांग, मी रागावणार नाही.”