खुशखबर, दोस्तांनो!

“शोध,” संपादक इम्री म्हणाला. “कुठेतरी असणारच.”

एफी लेअर्ड भिंगातून चित्र बघत होती. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातली एक गल्ली, उतरत्या छपरांवर धुराडी आणि मधोमध चित्रकथांचा नायक स्केल्फ. काटकुळा, सोललेल्या गुडघ्यांचा, दोन्ही हात वर करून ओरडणारा: ‘खुशखबर, दोस्तांनो!’ मुलांच्या ‘रंपस’ साप्ताहिकाचं हे शेवटचं मुखपृष्ठ. पुढच्या आठवड्यापासून ‘रंपस’ दुसऱ्या एका साप्ताहिकात जिरणार होतं. साप्ताहिक बंद पडायचं असलं की मुलांना ते असंच नाचत सांगायचं, ही या धंद्याची रीत होती.

चित्रकार वॉटी गेडीस खिडकीपाशी बसला होता. टोपी मांडीवर, नखांत शाई.

“मयताला बोलवायचं आणि वर खुशखबर म्हणायचं,” तो म्हणाला. “स्केल्फला तरी विचारायचं होतं.”

“तू गप्प बस,” इम्री म्हणाला. “एफी, तू बघ.”

या कंपनीत चित्रकाराचं नाव छापत नसत. मुलांना वाटलं पाहिजे, स्केल्फ आपला आपणच येतो. वॉटी दर आठवड्याला चित्रात कुठेतरी आपली आद्याक्षरं दडवायचा, कधी कुत्र्याच्या पट्ट्यावर, कधी बशीच्या कडेला. एफी ती हुडकून पांढऱ्या रंगाने बुजवायची. तिचं कामच ते. सापडली की ती नुसतं त्याच्याकडे बघायची आणि तो डोकं खाजवायचा. आज दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

“गेल्या वर्षी पलीकडच्या खोलीतून एक नाव सुटलं,” इम्री म्हणाला. “वरच्या साहेबांनी चित्रकाराला काढलं आणि रंग लावणाऱ्या बाईलाही. ध्यानात आहे ना? आणि दोन साप्ताहिकांचं एक झालं की असं टेबलही एकच राहील. तुझं की तिकडच्या मिसेस डफचं, ते अजून ठरायचंय.”

“तिला कशाला दम देतोस?” वॉटी म्हणाला. “मला विचार.”

“बरं, सांग. कुठे लपवलंयस?”

“विसरलो. वय झालं.”

“झालंच आहे. म्हणून तर पुढच्या आठवड्यापासून तिकडे स्केल्फची चित्रं तो तरुण कूट्स काढणार. हुबेहूब तुझा हात उचललाय त्याने. एकाही पोराला फरक कळायचा नाही.”

हे वॉटीला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने टोपी उलटी केली, आतलं अस्तर बघितलं, पुन्हा सुलटी केली.

“पबमध्ये मी एकदा बोलून गेलो,” तो म्हणाला. “स्केल्फ मी काढतो म्हणून. तागाच्या गिरणीतला एक जण म्हणाला, ‘हो का? मग मी राणी. वाक माझ्यापुढे!’ सगळे हसले. मीही हसलो. दाखवणार काय? आता तर तोही म्हणेल की कूट्सच काढत होता पहिल्यापासून.”

इम्रीने घड्याळ बघितलं. खाली रस्त्यावर छापखान्याची गाडी उभी होती. ड्रायव्हरने भोंगा वाजवला.

एफीचं भिंग छपरांवरून सरकत होतं. तिसऱ्या धुराड्यातून धूर वळणं घेत वर जात होता आणि त्या वळणांत अक्षरं होती. आद्याक्षरं नव्हेत. पूर्ण नाव. वॉल्टर गेडीस. इतक्या वर्षांत पूर्ण नाव त्याने कधीच लिहिलं नव्हतं.

तिने भिंग पुढे सरकवलं.

“हे बघ!” इम्री एकदम ओणवा झाला. त्याचं बोट भिंतीवर होतं. दोन विटांच्या भेगांत तिरकी आद्याक्षरं. “विटांत! तीच जुनी खोड. वॉटी, काही नवीन तरी शोधायचंस.”

“पकडलंस,” वॉटी म्हणाला. जरा लवकरच म्हणाला.

एफीने ब्रश बुडवला आणि दोन्ही विटा पांढऱ्या केल्या.

“आणखी?” इम्रीने विचारलं.

“नाही, साहेब.”

“नीट बघितलंस?”

“बघितलं.”

“तुझ्या खुर्चीची शपथ?”

“खुर्ची कुठे माझी आहे? कंपनीची आहे.”

इम्री हसला नाही. त्याने तिच्या हातातून भिंग घेतलं आणि स्वतः वाकला. आधी स्केल्फचे बूट बघितले, मग गल्लीतली मांजर, मग भिंत. भिंग वर चढलं. पहिलं धुराडं. दुसरं. एफी पांढऱ्या रंगाच्या बाटलीचं झाकण लावायला गेली, पण आटे जुळेनात.

तिसऱ्या धुराड्यावर भिंग थांबलं. बराच वेळ थांबलं. खाली भोंगा पुन्हा वाजला.

इम्री सरळ झाला. त्याने भिंग टेबलावर ठेवलं, चित्रावर पातळ कागद पसरला, पाकिटात घातलं आणि पाकीट काखेत मारून तो दाराकडे गेला.

“वॉटी.”

“काय?”

“धूर बरा काढलायस.”

दार लागलं.

बाहेर जिना होता. वर गेलं की वरच्या साहेबांची खोली, खाली गेलं की गाडी. इम्रीची पावलं दारापासून जिन्यापर्यंत गेली आणि तिथे थांबली. वॉटी उठून उभा होता. टोपी खाली पडल्याचं त्याला कळलं नव्हतं. एफीच्या ब्रशवरून पांढरा थेंब तिच्या एप्रनवर पडला. तिने तो पुसला नाही. पुसण्याचा आवाजही नको होता.

मग पावलं वाजू लागली. एक पायरी. दुसरी.

खालच्या.