सटकलेली करवत

वायपरची मोटर, जुन्या प्रिंटरची चाकं आणि प्लायवूडची फळी जोडून विज्ञानाच्या बाईंच्या वर्गातल्या मुलींनी गेल्या वर्षीच्या स्पर्धेसाठी रोबो उभा केला. करवत सटकून फळीच्या कोपऱ्यात एक वाकडी खाच पडली, ती तशीच राहिली.

परीक्षकांनी नाक मुरडलं. "बाई, असलं भंगार इथे चालत नाही." रोबो बाद झाला, पण आयोजकांनी तो 'तपासणीसाठी' म्हणून आठवडाभर ठेवून मात्र घेतला.

यंदा आयोजकांनी नवशिक्या संघांना स्वतःचाच 'परवडणारा' रोबोचा तयार संच सक्तीचा केला. बाईंनी खोका उघडला आणि चकचकीत पत्रा बाहेर काढला.

"अहो बाई, ही तर आपली खाच!" एक मुलगी ओरडली.

बाईंनी सोबतची माहितीपुस्तिका उघडली. तिच्यात त्या वाकड्या खाचेकडे बाण दाखवून छापलं होतं:

"आमच्या तज्ज्ञांचं खास संशोधन."